रनिंग बॅकला मोठा पगार दिला की टीमची सॅलरी कॅप खरंच बुडते का?

अमेरिकन फुटबॉलच्या चर्चेत एक वाक्य हमखास येतं, रनिंग बॅकवर, म्हणजे बॉल हातात घेऊन पळणाऱ्या खेळाडूवर, पैसे उधळू नका, सॅलरी कॅपची, म्हणजे टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेची, वाट लागते. मला हे अर्धंच पटतं.

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या या खेळाच्या मुख्य लीगमध्ये, सगळ्या टीमना ही कॅप सारखीच, २०२४ साली ती २५.५४ कोटी डॉलर होती. आता रॅम्स या टीमचा रनिंग बॅक टॉड गर्लीचं बघा. २०१७ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह (आक्रमणातला) खेळाडू ठरला आणि २०१८ च्या जुलैत रॅम्सने त्याला ४ वर्षांचे ६ कोटी डॉलर कबूल केले, तेही जुन्या कराराची दोन वर्षं बाकी असताना! त्याच सीझनच्या शेवटी गुडघा दुखायला लागला, मग डिसेंबरमध्ये इतर टीमनी सोडून दिलेला रनिंग बॅक सी. जे. अँडरसन आणला आणि त्याने लागोपाठच्या दोन मॅचमध्ये १६७ आणि १३२ यार्ड पळून काढले. २०२० च्या मार्चमध्ये गर्लीला सोडलं, पण हिशोब तिथे संपत नाही. साइनिंग बोनस, म्हणजे करारावर सही केल्याबद्दलची रक्कम, खेळाडूला आधीच मिळालेला असतो, कॅपमध्ये मात्र तो जास्तीत जास्त ५ वर्षांत वाटून धरतात, आणि मधेच खेळाडू काढला की उरलेले हप्ते टीमच्या अंगावर येतात, यालाच डेड मनी म्हणतात. गर्ली गेल्यावरही रॅम्सच्या कॅपवर असे सुमारे २ कोटी डॉलर चढले, २०२० आणि २०२१ मध्ये विभागून. तरी २०२१ च्या सीझनमध्ये सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, त्यांनीच जिंकली.

म्हणजे दणका बसतो, टीम बुडत नाही.

मग अँडरसनला ते जमलं कसं? बॉल हातात आल्यावर किती यार्ड मिळणार हे बरंचसं पुढे उभ्या असलेल्या आपल्याच लाइनमननी (वाट अडवणाऱ्यांना ढकलणाऱ्या खेळाडूंनी) पाडलेल्या वाटेवर आणि डिफेन्सचे किती जण पुढे गोळा झालेत यावर ठरतं. २०१९ मध्ये एनएफएलने कॅगल या डेटा सायन्सच्या वेबसाइटवर स्पर्धा घेतली, बॉल हातात पडल्याच्या क्षणाला सगळे खेळाडू कुठे आहेत ते बघून यार्ड ओळखायचे. जिंकलेलं मॉडेल ऑस्ट्रियातल्या दोघांचं, त्यात फक्त खेळाडूंच्या जागा आणि वेग होते, पळणारा कोण हे त्याला सांगितलेलंच नव्हतं.

पण रनिंग बॅक सेक्वॉन बार्कलीही विसरू नका, जायंट्सकडे २०२३ मध्ये दर धावेला ३.९ यार्ड, ईगल्सच्या तगड्या लाइनमागे २०२४ मध्ये ५.८ आणि एकूण २,००५ यार्ड, वर सुपर बोल. माणूस तोच. लाइनचा वाटा मोठा हे यातून दिसतंच, पण अशा लाइनमागे साधा रनर जिथे दहा यार्डांवर थांबला असता तिथे हा साठ पळायचा हेही खरंय. आणि किंमत किती? वर्षाला सरासरी १.२६ कोटी डॉलर, कॅपच्या ५ टक्क्यांच्या आसपास. गर्लीचा करार वर्षाला, तो झाला तेव्हाच्या कॅपच्या साधारण साडेआठ टक्के होता. त्याच २०२४ मध्ये काउबॉईजनी क्वार्टरबॅक (बॉल फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) डॅक प्रेस्कॉटला वर्षाला ६ कोटी कबूल केले, म्हणजे जवळपास पाव कॅप, तिथे चूक झाली तर किती महागात जाईल विचार करा.

माझ्या मते खरा घोळ आकड्यापेक्षा वेळेचा आहे. नवख्या खेळाडूचा करार ४ वर्षांचा, पगार ठरलेला, आणि पहिली ३ वर्षं तो बदलता येत नाही. रनिंग बॅकची पायातली सगळ्यात चांगली वर्षं नेमकी तीच! मग झालेल्या कामाचे पैसे पुढच्या वर्षांच्या नावावर मिळतात आणि नंतर त्यालाच महागडा म्हणून हिणवतात, हे मला अजिबात आवडत नाही.

म्हणून ईगल्सचा बार्कलीशी झालेला वर्षाला १.२६ कोटींचा पहिला करार मला एकदम पटला. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांनी अजून २ वर्षांचे ४.१२ कोटी वाढवले, त्यातले ३.६ कोटी गॅरंटीड, त्याची मात्र काळजी वाटते, कारण तेव्हा बार्कली २८ चा होता आणि नुकताच प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेरीच्या मॅच) धरून चारशेहून जास्त वेळा बॉल घेऊन पळाला होता.