व्हील स्टड, लांब (स्पेसरसाठी)

ट्रकचे किंवा मोटारीचे चाक हबला (चाक ज्यावर बसते तो फिरणारा मधला भाग) आवळून धरणारी आटेदार पोलादी खुंटी म्हणजे व्हील स्टड. तिचे डोके हबच्या फ्लँजमागे (फ्लँज म्हणजे हबची पसरट, भोके असलेली कड) राहते, डोक्याखालचा दातेरी भाग फ्लँजच्या भोकात दाबून बसवलेला असतो आणि पुढे आलेल्या आट्यांवर चाक चढवून नट आवळतात. चाक व हब यांच्यामध्ये स्पेसर (अंतर वाढवणारी धातूची जाड चकती) घातला, की स्टडची तेवढी लांबी स्पेसरमध्येच जाते आणि नटाला धरायला आटे अपुरे पडतात. मूळ स्टड काढून त्याजागी लांब स्टड बसवण्याची गरज येथे निर्माण होते. अनेक युरोपीय मोटारींत स्टड नसतात, हबमध्ये थेट बोल्ट पिळतात. तेथे लांब बोल्ट घेतला की भागते.

सुटे करता येणारे चाक २० व्या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ होऊ लागले. रज-व्हिटवर्थ पद्धतीच्या तारांच्या चाकांना मध्यभागी एकच मोठा नट असे. दाबपोलादाची, अनेक स्टडांवर बसणारी चाके साधारण त्याच सुमारास पुढे आली आणि ट्रकांवर तीच टिकली. या दोन पद्धतींतून डाव्या-उजव्या आट्यांचा वाद निघाला (नेहमीचे उजवे आटे घड्याळाच्या दिशेने आवळतात, डावे आटे उलट दिशेने). स्टडची निवड करताना तो आजही आडवा येतो, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे इष्ट आहे.

चाक फिरताना त्याच्यावरील भाराची दिशा चाकाच्या सापेक्ष उलटी फिरत राहते. नट आणि त्याची बैठक (नट चाकाला जेथे टेकतो तो भाग) यांत किंचितही हालचाल असेल, तर नट बैठकीत गडगडत सरकतो. नट चाकाच्या भोकाच्या आत बसत असेल, तर तो एका दिशेने सरकतो. नटच चाकाच्या शंकूला बाहेरून वेढत असेल, तर विरुद्ध दिशेने. म्हणूनच मध्यवर्ती नटाच्या जुन्या ब्रिटिश मोटारींत डाव्या बाजूला उजवे आटे व उजव्या बाजूला डावे आटे आढळतात, तर क्रायस्लर या अमेरिकी कंपनीच्या मोटारींत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत डाव्या बाजूच्या स्टडांनाच डावे आटे होते. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही योजना एकाच नियमातून येतात. अमेरिकेतील बड पद्धतीच्या ट्रक-चाकांवर, जेथे चाक गोलाकार बैठकीच्या नटांनीच केंद्रित होते, डाव्या बाजूला डावे आटे दीर्घकाळ चालू राहिले.

डावे आटे आवश्यक होते की केवळ सावधगिरीचे, याबद्दल मतभेद आहेत. एक पक्ष वरील सरकण्याला निर्णायक मानतो. सर्व चाकांना उजवे आटे वापरणाऱ्या देशांत डाव्या बाजूची चाके अधिक सुटतात, या निरीक्षणाचा तो आधार घेतो. दुसऱ्या पक्षाच्या मते, नट आवळल्याने स्टडमध्ये येणारा ताण बैठकीत हालचाल होऊ देण्याइतका कमी पडणे हाच मूळ दोष आहे. जर्मन अभियंते गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, जोडाचे पृष्ठभाग आडवे घसरू लागले की घर्षण जणू नाहीसे होते आणि पुरता आवळलेला बोल्टही सुटत जातो, असे दिसून आले. ताण पुरेसा असेल तर घसरणे नाही आणि घसरणे नसेल तर सरकणेही नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र जुन्या ट्रकवर डाव्या आट्यांचे स्टड असतील, तर बदलीचा स्टडही डाव्या आट्यांचाच घ्यावा लागतो, कारण त्याच हबच्या उरलेल्या नटांशी तो जुळला पाहिजे.

स्टड चाकाचे वजन आडवे पेलतो ही समजूत कारागिरांतही आढळते. ती बरोबर नाही. नट आवळल्यावर स्टड ताणला जातो, त्या ताणाने चाक हबवर दाबले जाते आणि वजन व ब्रेकचा जोर या दाबातून उत्पन्न होणाऱ्या घर्षणावर पेलला जातो. एम१४×१.५ आट्यांच्या (व्यास १४ मिमी., दोन आट्यांमधील अंतर १.५ मिमी.) स्टडचे ताण घेणारे क्षेत्रफळ सुमारे १२५ चौ. मिमी. असते. कोरड्या आट्यांवर २०० न्यूटन-मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) दिल्यास ढोबळमानाने ७१ किलोन्यूटन, म्हणजे सात टनांहून थोडा अधिक ताण येतो. सहा स्टड मिळून चाक त्रेचाळीस टनांच्या जोराने हबवर दाबतात. १०.९ प्रतीच्या (बळाचा प्रमाणित वर्ग) स्टडची, कायमचा न ताणता भार पेलण्याची मर्यादा १०० किलोन्यूटनच्या थोडी वर असल्याने हा ताण तिच्या आत राहतो. आट्यांना तेल लावून तोच टॉर्क दिला तर ताण बराच वाढतो. म्हणून उत्पादकाने सांगितल्याशिवाय तेल लावू नये. जड ट्रकांच्या दोन भागांच्या फ्लँज नटांत नट व वॉशर यांच्यामध्ये थोडे तेल सोडण्याची शिफारस असते, तो अपवाद.

लांब स्टड कमजोर असतो का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. लांबी वाढल्याने स्टडचे बळ कमी होत नाही. उलट, डोके व नट यांच्यामधली आवळलेली लांबी ३० मिमी. असताना ७१ किलोन्यूटनखाली स्टड सुमारे ०.०८ मिमी. ताणला जातो, २५ मिमी.चा स्पेसर घातल्यावर तोच सुमारे ०.१५ मिमी. ताणला जातो. पृष्ठभागांवरील रंग व खरखरीतपणा चेपून ०.०२ मिमी. बसकण झाली, तर आखूड स्टड सुमारे चतुर्थांश ताण गमावतो, लांब स्टड त्याच्या जवळपास निम्माच. या बाबतीत लांब स्टड उजवा ठरतो. पण स्पेसरमुळे एका जोडाचे दोन जोड होतात, म्हणजे बसकण होण्याच्या जागाही वाढतात. स्पेसरच्या दोन्ही बाजू व हबचे तोंड गंज, रंग, चिखल यांपासून स्वच्छ, उघड्या धातूपर्यंत असणे त्यामुळेच महत्त्वाचे ठरते.

नव्या स्टडची लांबी सामान्यतः मूळ लांबी अधिक स्पेसरची जाडी इतकी धरतात. त्यापेक्षा भरवशाची कसोटी म्हणजे नटाचे फेरे मोजणे. नटाने स्टडच्या व्यासाइतकी लांबी तरी धरली पाहिजे, असा संकेत आहे. एम१२×१.५ ला आठ, एम१४×१.५ ला सुमारे नऊ, एम१४×२ ला सात आणि अर्ध्या इंचाच्या, इंचाला २० आट्यांच्या स्टडला दहा पूर्ण फेरे येतात. नट हाताने धरून पहिला आटा पकडल्यापासून बैठकीला टेकेपर्यंत फेरे मोजावेत. पान्याने आवळताना येणारा उरलेला अंश मोजू नये. स्टडच्या टोकाला आटे नसलेला निमुळता भाग असेल, तर तो या लांबीतून वगळावा. उलट बाजूची चूकही घडते. बंद तोंडाच्या नटात जास्त लांब स्टड आतल्या तळाला टेकतो, टॉर्क पाना आकडा दाखवतो आणि चाक मात्र ढिले राहते. स्टड लांब असेल तर उघड्या तोंडाचे नट वापरणेच योग्य.

आटे ओळखण्यात कसलीही घाई करू नये. फोर्ड एफ-१५० या हलक्या ट्रकवर २०१५ च्या पिढीपासून एम१४×१.५ स्टड आहेत, त्याआधीच्या पिढीत एम१४×२ होते. अर्ध्या इंचाचा, इंचाला २० आट्यांचा नट एम१२×१.२५ स्टडवर ढिला का होईना चढतो, कारण आट्यांमधील अंतर १.२७ व १.२५ मिमी. इतके जवळचे आहे. अशा जोडीत आट्यांची केवळ टोके धरतात आणि आवळताना किंवा रस्त्यावर आटे मरतात. आटेमापक लावल्याशिवाय केवळ हाताच्या अंदाजाने जोडी जुळवणे धोक्याचे आहे.

लांबी मिळते, आटेही मिळतात. अडते ते दातेरी भागाच्या व्यासावर. हा भाग भोकापेक्षा किंचित मोठा असतो आणि दाबून बसवताना त्याचे दाते फ्लँजमध्ये रुततात. व्यास काही दशांश मिलिमीटरने कमी पडला तर स्टड नटाबरोबर गोल फिरतो आणि नंतर नट सोडवणे जिकिरीचे होते. जास्त झाला तर स्टड पुरता बसत नाही किंवा फ्लँज वाकते, तडकते. म्हणून सूचीत केवळ गाडीचे नाव पाहून स्टड निवडू नये. जुना स्टड बाहेर काढून दातेरी भागाचा व्यास, त्याची लांबी, डोक्याचा व्यास व जाडी आणि डोक्याच्या खालच्या बाजूपासून टोकापर्यंतची लांबी कॅलिपरने मोजावी. दाते भोकाने घासलेले असल्याने मोजलेला व्यास नव्यापेक्षा थोडा कमी येतो, हे लक्षात ठेवावे. ब्रेक डिस्क किंवा ड्रम हबवर मागच्या बाजूने बसत असेल, तर दातेरी भाग त्या दोन्ही जाडींना पुरला पाहिजे.

डोक्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. फ्लँजमागे ब्रेकचे आवरण किंवा चाकाचा वेग मोजणारे कडे असते आणि लांब स्टड तेथून आत घालायला जागा पुरत नाही. काही हबांत एका ठिकाणी खाच असते. हब फिरवून प्रत्येक भोक त्या खाचेसमोर आणले की स्टड सरकतो. जागा नसेल तेथे हब उतरवावा लागतो. डोक्याची एक बाजू सपाट कापलेले स्टड मिळतात, तेही उपयोगी पडतात.

जुना स्टड प्रेसने काढावा व नवा प्रेसनेच बसवावा. हब गाडीवर असताना हातोड्याने ठोकल्यास बेअरिंगच्या धावपट्टीवर गोळ्यांचे व्रण उमटतात आणि काही काळाने चाक घरघरू लागते. नट आवळून स्टड ओढून घेण्याची पद्धतही सर्रास चालते. त्यासाठी जुना नट, जाड कडक वॉशरांची चळत आणि वॉशरांमध्ये थोडे ग्रीस वापरावे, म्हणजे नव्या नटाचे आटे वाचतात. डोके फ्लँजला सर्व बाजूंनी टेकले आहे, हे आरशाने किंवा बोटाने पाहूनच चाक चढवावे. अर्धवट बसलेला स्टड पुढे रस्त्यावर आत सरकतो आणि तेवढा ताण निघून जातो. जुन्या स्टडच्या टोकाला तुकडा वेल्ड करणे किंवा लांबी वाढवणारा जोडनट लावणे कोणत्याही कारणाने करू नये. १२.९ प्रतीचे स्टड अधिक बळकट असले, तरी जस्ताच्या विद्युत् मुलाम्यात हायड्रोजनमुळे ठिसूळ होण्याची शक्यता त्यांत जास्त असते. सामान्य वापराला १०.९ पुरेसे.

दुसऱ्या प्रकारचा स्पेसर हबच्या मूळ स्टडवर स्वतःच्या नटांनी बसतो आणि त्याच्यात स्वतःचे वेगळे स्टड असतात. त्यात लांब स्टड लागत नाहीत. मात्र तो जाड असावा लागतो, आणि मूळ स्टड त्याच्या तोंडाबाहेर डोकावत असतील तर चाक टेकत नाही. दोन्ही प्रकारांत हबच्या मध्यवर्ती कडेवर चाक बसत असेल, तर तशीच कड स्पेसरलाही हवी. जाड स्पेसर मूळ कड झाकून टाकतो. चाक बाहेर सरकल्याने बेअरिंगवरील वाकवणारा जोर वाढतो व स्टिअरिंगही जड वाटू लागते.

नवे स्टड बसवल्यावर नट ताऱ्याच्या क्रमाने (एकानंतर समोरचा), दोन-तीन टप्प्यांत आवळतात. जड वाहनांसाठी पहिल्या ८० ते १६० किमी.नंतर टॉर्क पुन्हा तपासण्याचा प्रघात आहे. लांब स्टड व स्पेसर बसवलेल्या हलक्या ट्रकलाही तोच लावावा. चाक काढून पुन्हा बसवले की ही तपासणी पुन्हा करावी लागते.