तैलचित्र काढून घेणं (खानदेश)
तैलचित्र म्हणजे कॅनव्हासवर ऑईल पेंटने काढलेलं माणसाचं हुबेहूब चित्र. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ते ऑर्डर देऊन काढून घेतात ते मुख्यतः दोन कारणांनी, एक म्हणजे शिक्षण संस्था, बाजार समिती, सहकारी बँक यांच्या हॉलमध्ये संस्थापकांचं लावायला, आणि दुसरं घरात, आजी-आजोबा गेल्यावर. तेलरंगाचं काम या भागाच्या शेजारी जुनं आहे, १८४० च्या दशकात रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी अजिंठ्याची भित्तिचित्रं तेलरंगात कॅनव्हासवर उतरवायला आला होता, त्यातली बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीला लागलेल्या आगीत जळाली.

खरी अडचण फोटोची असते. गेलेल्या माणसाचा फोटो म्हणजे बहुतेक वेळा रेशनकार्डावरचा, नाहीतर लग्नाच्या ग्रुप फोटोतला नखाएवढा चेहरा, मग चांगला चित्रकार मुलाला नाहीतर भावाला समोर बसवतो कारण नाकाची ठेवण, कपाळ, कान घरात चालत आलेले असतात. म्हणून ज्याने त्या माणसाला रोज पाहिलंय त्यानेच चित्रकाराकडे जावं, नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून काम होत नाही. माणूस हयात असेल तर फोटो दोन-अडीच मीटर लांबून, फ्लॅश बंद करून, खिडकीच्या एका बाजूच्या उजेडात काढायचा, मोबाईल जवळ नेला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात. उजेड चेहऱ्यावर काय करतो ते बघायचं तर चाळीसगावला स्टेशनजवळ केकी मूस (१९१२–१९८९) यांचं कलादालन आहे, ते फोटोग्राफर, पण पोर्ट्रेट करून घेणाऱ्याने एकदा जाऊन यावं असंच आहे.

आणि कृपा करून "जरा गोरं करा" म्हणू नका. शेतात आयुष्य गेलेल्या माणसाचा रापलेला रंग, आजीच्या कपाळावरचं गोंदण, हातावरच्या शिरा हे काढून टाकलं की राहतं ते कुणाचंही चित्र. सावळ्या कातडीत किती रंग असतात, उजेडात यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), सावलीत निळसर-हिरवट, ते पांढरा मिसळून सपाट करायला सांगणं म्हणजे चित्रकाराच्या हातातलं निम्मं काम काढून घेणं.

किंमत साईझवर आणि नुसता चेहरा की हात पण यावर ठरते, हातांना वेळ लागतो. अ‍ॅडव्हान्स देताना चारकोलचं (कोळशाच्या कांडीचं) कच्चं स्केच आधी दाखवायचं ठरवून घ्यावं, साम्य तिथेच तपासायचं, रंग चढल्यावर डोळे सरकवणं अवघड. रंगात जवसाचं तेल असतं, हो आपण चटणी करतो तेच जवस, आणि ते पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे ठेवतात, उलट झालं तर पुढे तडे जातात, आणि शेवटचं व्हार्निश सहा महिने ते वर्षाने. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गेलेल्यांच्या नावाने घागर पूजताना चित्र भिंतीवर हवं असेल तर दिवाळीलाच ऑर्डर द्या, व्हार्निश नंतर मारून घेता येतं.

कॅनव्हास प्रिंटवर वरून चार ब्रश मारून तैलचित्र म्हणून विकतात त्यापासून जपा, भिंगातून पाहिलं की छपाईचे ठिपके दिसतात. लावताना फ्रेमच्या मागे थोडी हवा राहू द्यावी, पावसाळ्यात भिंत ओल धरते, हार फ्रेमला अडकवावा, ओल्या फुलांचा कॅनव्हासला स्पर्श नको, आणि ओल्या फडक्याने कधीच पुसू नये.

पुण्यस्मरणाच्या बॅनरवर तेच चित्र छापायचं झालं तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या पोर्ट्रेटचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचाच असतो. पण कलम ५७ ने चित्रावर आपलं नाव असण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो, तेव्हा छापताना कोपऱ्यातली सही कापू नये.