एक रुग्ण, चार साहेब: खान्देशातल्या तातडीच्या आरोग्यसेवेची घडण

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या एखाद्या पाड्यावरून अडलेल्या बाळंतिणीला धुळ्यापर्यंत न्यायची वेळ आली, तर वाटेत ती चार यंत्रणांच्या हातांतून जाते. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं, मधली १०८ ची गाडी ठेकेदाराची आणि शेवटचं मोठं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं. दर टप्प्याला चिठ्ठी नवी, रजिस्टर नवं, साहेबही नवा. उशीर झालाच तर जाब कुणाला विचारायचा, याचं उत्तर तो कुठे झाला यावर ठरतं. ही रचना कुणी एका बैठकीत आखलेली नाही. थरावर थर चढत गेले, आणि खालचा थर कधी कुणी काढला नाही.

सर्वांत जुना थर ‘सिव्हिल’चा. इंग्रजांनी १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल सर्जन, त्याच्या हाताखाली मोठा दवाखाना, ही पद्धत तेव्हाची. आजही माणसं ‘जिल्हा रुग्णालयात नेलं’ म्हणत नाहीत, ‘सिव्हिलला नेलं’ म्हणतात. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो थेट १ जुलै १९९८ रोजी. तोवर आज नंदुरबारात असलेल्या अक्कलकुवा, अक्राणी (धडगाव) तालुक्यांतल्या माणसालाही जिल्ह्याचं ठिकाण धुळेच होतं.

दुसरा थर देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करायला नेमलेल्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातून आला. खेड्यांच्या एका गटामागे एक आरोग्य केंद्र, ही त्यातली मूळ कल्पना. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि इथेच वाट दुभंगली: आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, तर मोठी रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकाकडेच, म्हणजे त्या सिव्हिल सर्जनकडेच, राहिली. पुढे उभी राहिलेली ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयंही शल्यचिकित्सकाच्याच खात्यात जमा झाली. सपाटीवर तीस हजार लोकवस्तीला एक आरोग्य केंद्र, डोंगराळ आदिवासी भागात वीस हजारांना एक, असं प्रमाण ठरलं. सवलत दिली खरी, पण मोजली ती डोकी, अंतर नव्हे. सातपुड्यात एकाच गावाचे पाडे वेगवेगळ्या टेकड्यांवर विखुरलेले असतात. तिथे वीस हजारांचा आकडा फारसं काही सांगत नाही. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट अजूनही कित्येक ठिकाणी झोळीनेच कापावी लागते.

तिसरा थर वैद्यकीय महाविद्यालयांचा. धुळ्यात ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलं, जळगावात २०१८ मध्ये, नंदुरबारला २०२० मध्ये. जिल्हा रुग्णालय महाविद्यालयाला जोडलं, की अपघात विभाग महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) ताब्यात जातो. तालुक्यातली रुग्णालयं मात्र शल्यचिकित्सकांकडेच. म्हणजे पाठवणारा एका खात्याचा, घेणारा दुसऱ्या. सामान्य माणसाला या फरकाशी काही देणंघेणं नसतं. त्याला एवढंच कळतं, की रात्री दोनला कुणीतरी ‘पुढे न्या’ म्हणालं.

वाहतुकीचा थर सगळ्यांत उशिरा सुरू झाला. जून २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला आणि गरोदर बायकांना मोफत ने-आण हा हक्क ठरला. १०२ ची गाडी ती हीच. १०८ महाराष्ट्रात जानेवारी २०१४ पासून धावू लागली. तेव्हा राज्यभरात ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ प्रगत साधनांच्या. चालवायला बीव्हीजी ही खासगी कंपनी, पैसा सरकारचा, नियंत्रण कक्ष पुण्याच्या औंधमध्ये. गाडीत डॉक्टर असलाच पाहिजे ही महाराष्ट्राच्या योजनेची खासियत. तो बहुतेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो, आणि त्याला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा तोरणमाळच्या घाटात रात्रपाळी करून पाहावी. २०२४ मध्ये दहा वर्षांचा नवा ठेका झाला. निविदेवरून बराच गदारोळही झाला. ठेक्यातल्या १,७५६ वाहनांत १६६ मोटारसायकली आणि २५ बोटी धरल्या आहेत. सरदार सरोवराचं पाणी फुगल्यावर नर्मदाकाठच्या गावांना बोट हाच रस्ता उरतो, तेव्हा बोटी ही चैन नव्हे.

नवापूरच्या बाजूला आणखी एक गंमत आहे. तिथलं रेल्वेस्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. गुजरातेतही आपत्कालीन क्रमांक १०८ च, पण यंत्रणा वेगळी. मोबाइलला टॉवर पलीकडचा मिळाला, तर फोनही पलीकडे लागू शकतो. बरं, रुग्णाला पुष्कळदा शेवटी सुरतेलाच हलवायचं असतं, ती गोष्ट वेगळी.

खासगी दवाखान्यांचा कायदा या गाड्यांहून कितीतरी जुना, १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. महापालिका हद्दीत, म्हणजे जळगाव आणि धुळे शहरांत, नोंदणी महापालिकेकडे असते. रुग्णालयांच्या नोंदणीचा केंद्राचा २०१० चा कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. त्याऐवजी २०२१ मध्ये जुन्याच कायद्याचे नियम सुधारले, त्यात रुग्णहक्कांची सनद आणि तक्रारीची सोय आली. तातडीचे उपचार नाकारता येणार नाहीत, हे मात्र न्यायालयांनी आधीच बजावलं होतं. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आधी जीव वाचवा, पोलिसी सोपस्कार नंतर. हे सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे इथे या निकालाला फार वजन आहे. तरी ‘पोलीस केस आहे, सिव्हिलला न्या’ हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस विरळा.

आता देखरेख. वरून खाली पाहणारी तपासणी प्रत्येक खात्याची आपापली आहे. खालून वर पाहण्याचा प्रयत्न एकदा गंभीरपणे झाला, तो राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून. २००७ मध्ये महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. गावातल्या समित्या उपकेंद्र, आरोग्य केंद्र आणि रुग्णालयाची प्रगतिपत्रकं भरायच्या. शेरे रंगांतून, हिरवा, पिवळा, लाल, म्हणजे अक्षर न येणाऱ्यालाही वाचता यावेत. मग जनसुनवाई. औषध नव्हतं, डॉक्टर नव्हता, पैसे मागितले, हे अधिकाऱ्यांच्या तोंडावर सांगायचं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत धीट गोष्ट, कारण तिथे उभं राहणाऱ्या बाईला आपली तक्रार कोणत्या खात्यात मोडते हे आधी ठाऊक असण्याची गरज नव्हती.

त्या पत्रकांत १०८ चा रकाना नव्हता. तेव्हा १०८ च नव्हती. आज धडगावातून फोन कधी आला, गाडी कधी निघाली, कधी पोचली, याची मिनिटामिनिटाची नोंद होते. ती असते पुण्यात.