नियामक टी पेशी: थायमसमध्ये जन्मलेल्या आणि बाहेर घडलेल्या, दम्यात कोणत्या कमी पडतात?

पावसाळा लागला की ठाणे-नवी मुंबईत दम्याचा त्रास वाढतो आणि त्याच्या जोडीला ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्लाही घरोघरी ऐकू येतो. ॲलर्जिक दम्यात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. जिथे गप्प बसायचं तिथे ती चवताळलेली असते. गादीतल्या धूळकिड्याच्या, म्हणजे माइटच्या, विष्ठेतलं प्रथिन हा काही रोगजंतू नव्हे. कोपरखैरण्यातल्या एकाच खोलीत झोपणारे दोघे भाऊ रात्रभर तेच प्रथिन श्वासातून घेतात. एकाला काहीच होत नाही, दुसऱ्याला पहाटे उठून पंप घ्यावा लागतो. यामागे आनुवंशिकता असते, श्वासनलिकेच्या अस्तराचा नाजूकपणा असतो आणि नियामक टी पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या इतर पेशींना आवर घालणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा, वाटाही मोठा असतो.

या पेशींबद्दल मराठीत बरंच लिहून आलं ते २०२५च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलनंतर. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलं की सीडी२५ हा रेणू अंगावर भरपूर बाळगणाऱ्या टी पेशी इतर पेशींना आवर घालतात. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये फॉक्सपी३ हे जनुक शोधलं आणि त्यातल्या बिघाडामुळे लहान मुलांना होणारा आयपेक्स हा गंभीर आजार समजला. हे सगळं बरोबर छापून आलं, पण बहुतेक ठिकाणी ‘नियामक टी पेशी’ ही एकच जात असल्यासारखं. फुफ्फुसाच्या ॲलर्जीचा विचार करताना नेमका तिथेच घोटाळा होतो.

पहिला प्रकार थायमसमध्ये तयार होतो. छातीच्या हाडामागच्या या ग्रंथीत टी पेशींची छाननी चालते. शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांना घट्ट चिकटणाऱ्या पेशींपैकी बऱ्याच तिथेच मारल्या जातात, पण काहींमध्ये फॉक्सपी३ सुरू होतं आणि त्या नियामक बनून बाहेर पडतात. म्हणजे त्यांना ओळख असते ती प्रामुख्याने आपल्याच अवयवांची. दुसरा प्रकार थायमसमधून साधी टी पेशी म्हणूनच बाहेर येतो. पुढे आतड्यात, फुफ्फुसात किंवा तिथल्या लसिका गाठीत तिची बाहेरच्या एखाद्या प्रथिनाशी गाठ पडते. त्या वेळी आजूबाजूला टीजीएफ-बीटा हे पेशींना शांत करणारं संदेश-रसायन असेल, जीवनसत्त्व ए पासून बनणारं रेटिनॉइक आम्ल असेल आणि धोक्याची हाकाटी नसेल, तर तिच्यातही फॉक्सपी३ सुरू होतं. या पेशीला ओळख असते अन्नाची, निरुपद्रवी जिवाणूंची, श्वासातल्या धुळीची.

दोघींचं कामाचं तंत्र सारखंच. आयएल-२ हे वाढीचं रसायन शोषून घेऊन शेजारच्या पेशींना उपाशी ठेवायचं, सीटीएलए-४ या स्वतःवरच्या रेणूच्या मदतीने डेंड्रिटिक पेशीवरचे (या पेशी टी पेशींना परकी प्रथिनं दाखवतात) चिथावणीचे रेणू काढून घ्यायचे, आयएल-१० हे दाह शमवणारं रसायन सोडायचं. मग वेगळं का मोजायचं?

याचं उत्तर उंदरांनी फार स्वच्छ दिलं आहे. फॉक्सपी३ पूर्ण बंद पडलं की दोन्ही प्रकार नाहीसे होतात. आयपेक्स झालेल्या मुलग्यांना जन्मानंतर लवकरच न थांबणारे जुलाब, इसब आणि टाइप १ मधुमेह होतो, आयजीई हे ॲलर्जीचं प्रतिपिंड खूप वाढतं. सगळं शरीरच पेटतं. २०१२ मध्ये संशोधकांनी उंदरांच्या फॉक्सपी३ जनुकाजवळचा सीएनएस-१ नावाचा एक छोटा तुकडाच काढून टाकला. त्यामुळे थायमसमधल्या पेशी शाबूत राहिल्या, पण बाहेर नव्या घडणं जवळजवळ थांबलं. या उंदरांना सर्वांगाचा स्वयंप्रतिकार आजार झाला नाही. वय वाढलं तसा आतड्यात आणि फुफ्फुसात टीएच-२ प्रकारचा, म्हणजे ॲलर्जीला चालना देणाऱ्या टी पेशींचा, दाह मात्र दिसू लागला, आणि फुफ्फुसातली लक्षणं दम्याच्या वळणाची होती. थायमसमधला साठा भरलेला असूनही श्वासनलिका सांभाळली गेली नाही. (हा सीएनएस-१ तुकडा फक्त वार (प्लॅसेंटा) असलेल्या सस्तन प्राण्यांत सापडतो. पोटातल्या गर्भातली बापाकडची प्रथिनं आईच्या शरीराने सहन करावीत, यासाठी तो टिकून राहिला असावा असं मानतात. दम्यापासूनचं संरक्षण हा त्याच व्यवस्थेचा फायदा असणं शक्य आहे.)

फुफ्फुसात या पेशी घडतात कशा आणि बिघडतं कुठे, हे नीट पाहण्यासारखं आहे. निवांत फुफ्फुसात वायुकोशातल्या मॅक्रोफेज (जंतू आणि कचरा गिळणाऱ्या) पेशी टीजीएफ-बीटा आणि रेटिनॉइक आम्ल दोन्ही पुरवतात. उंदरांच्या पिल्लांत पहिल्या दोन आठवड्यांत फुफ्फुसातले जिवाणू वाढत जातात, त्याच सुमारास बाहेर घडलेल्या नियामक पेशीही दिसू लागतात, आणि त्यानंतर माइटच्या प्रथिनाला मिळणारी प्रतिक्रिया सौम्य होते. पण माइटचं मुख्य ॲलर्जन (ॲलर्जी आणणारं प्रथिन), डर-पी-१, हे स्वतःच प्रथिनं कापणारं एन्झाइम आहे. ते श्वासनलिकेच्या अस्तरातले सांधे सैल करतं. प्रयोगशाळेत ते टी पेशीवरचं सीडी२५ देखील छाटताना दिसलं आहे. दुखावलेलं अस्तर आयएल-३३ आणि टीएसएलपी ही इशाऱ्याची रसायनं सोडतं, म्हणजे धोक्याची हाकाटी सुरू. त्यातून आयएल-४ वाढलं की नव्या टी पेशीत गाटा-३ हे जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन जागं होतं आणि ते फॉक्सपी३ सुरूच होऊ देत नाही. मग टीजीएफ-बीटा असूनही पेशी नियामक होण्याऐवजी टीएच-२ होते: आयएल-४ मुळे आयजीई, आयएल-५ मुळे इओसिनोफिल या ॲलर्जीतल्या पांढऱ्या पेशी, आयएल-१३ मुळे चिकट कफ. आयएल-६ जास्त असेल तर गाडी टीएच-१७ या दुसऱ्या दाहक टी पेशींकडे वळते, आणि अशा दम्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जास्त आढळतात व स्टेरॉइडचा गुण कमी येतो. थायमसमधल्या पेशींची जडणघडण या गोंधळाच्या आधीच झालेली असते, बाहेरच्या पेशी मात्र ऐन गोंधळात घडवायच्या असतात. म्हणून कमी पडतात त्या याच.

प्रयोगशाळेत दोघींना वेगळं करणं सोपं नाही. रक्तातल्या सीडी४ पेशींपैकी (टी पेशींचा एक मोठा गट) साधारण ५ ते १० टक्के नियामक असतात. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे रंगवलेल्या पेशी लेसरपुढून एकेक नेऊन मोजण्याच्या तंत्रात, आधी पेशीच्या पृष्ठभागावरचं सीडी३, सीडी४, सीडी२५ आणि सीडी१२७ रंगवतात. फॉक्सपी३ केंद्रकात असल्यामुळे नंतर पेशी स्थिर करून तिच्या पटलाला छिद्रं पाडावी लागतात. त्यात ती मरते, म्हणून जिवंत नियामक पेशी वेगळ्या काढायच्या तर ‘सीडी२५ भरपूर, सीडी१२७ कमी’ एवढ्यावरच भागवावं लागतं. फसगत दोन ठिकाणी होते. माणसाची कुठलीही टी पेशी चेतवली गेली की तिच्यात सीडी२५ वाढतं आणि थोडा वेळ फॉक्सपी३ सुद्धा येतं. त्यामुळे ऐन दम्याच्या झटक्यात घेतलेल्या नमुन्यात ‘नियामक पेशी वाढल्या’ असं दिसू शकतं, आणि त्या प्रत्यक्षात लढणाऱ्या पेशी असतात. दुसरं म्हणजे हेलिओस हे प्रथिन थायमसची खूण म्हणून वापरतात, पण माणसात ती खूण भरवशाची नाही. त्यातल्या त्यात खात्रीची तपासणी म्हणजे फॉक्सपी३ जनुकाच्या टीएसडीआर या नियंत्रक भागावरचे मिथाइल गट (जनुक दाबून ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) पाहणं. थायमसमधल्या पेशीत ते निघालेले असतात, तात्पुरतं फॉक्सपी३ दाखवणाऱ्या पेशीत ते तसेच राहतात. नळीत टीजीएफ-बीटा घालून घडवलेल्या पेशींतही ते पुरते निघत नाहीत, त्यामुळे अशा पेशी दाहाच्या वातावरणात काम सोडतात.

म्हणून दम्याच्या रुग्णाने रक्तातल्या नियामक पेशींची टक्केवारी काढून घेण्यात अर्थ नाही. तो आकडा फुफ्फुसातलं काही सांगत नाही आणि त्यातल्या किती पेशी माइटला ओळखतात हेही सांगत नाही. ‘नियामक पेशी वाढवणारं’ म्हणून विकलं जाणारं चूर्ण किंवा कॅप्सूल घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ठरावीक ॲलर्जनसाठी नियामक पेशी थायमसबाहेर घडवून आणायचा आज वापरात असलेला मार्ग म्हणजे ॲलर्जन इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याची ॲलर्जी त्याचाच अर्क वाढत्या मात्रेने देणं. आधी त्वचेवर टोचणी चाचणी होते. त्यापूर्वी ५ ते ७ दिवस अँटिहिस्टामिन बंद ठेवतात, १५ ते २० मिनिटांनी फोड मोजतात, आणि ॲलर्जन नसलेला नुसता द्राव टोचलेल्या जागेपेक्षा तो किमान ३ मिलिमीटर मोठा असेल तर चाचणी सकारात्मक धरतात. इंजेक्शनं पहिले तीन ते सहा महिने साधारण दर आठवड्याला, वाढत्या मात्रेने. मग दोन ते चार आठवड्यांनी एक, असं एकूण ३ ते ५ वर्षं. सुरुवातीच्या आठवड्यांतच आयएल-१० सोडणाऱ्या पेशी वाढतात. त्यांतल्या अनेकींत फॉक्सपी३ नसतं, पण काम नियमनाचंच. पुढे आयजीजी४ हे ॲलर्जनला आयजीईपर्यंत पोचू न देणारं प्रतिपिंड वाढतं. वर्षभरात सोडून देणाऱ्यांना टिकाऊ फायदा क्वचितच मिळतो.

बिघाड इथेही होतात. झुरळ किंवा बुरशीचा अर्क परागाच्या अर्काबरोबर एकाच बाटलीत मिसळला, तर त्यातली एन्झाइमं परागातली प्रथिनं मोडून टाकतात आणि मात्रा कागदावरच राहते. मध्ये खंड पडल्यावर जुन्याच मात्रेने सुरू केलं तर तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून मात्रा खाली आणावी लागते. दमा आटोक्यात नसेल किंवा एफईव्ही-१ (जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) अपेक्षित आकड्याच्या ७० टक्क्यांखाली असेल, तर त्या दिवशी इंजेक्शन द्यायचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये असे दिवस बरेच येतात. इंजेक्शननंतर ३० मिनिटं दवाखान्यातच थांबायचं. तिथे तीव्र प्रतिक्रिया आली तर द्यायला ॲड्रेनॅलिन हाताशी हवं, प्रौढाला ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकाराचं औषध) चालू असेल तर आधीच सांगायचं, कारण त्यात ॲड्रेनॅलिनचा असर कमी होतो.

या सगळ्यात घरातला माइटचा मारा कमी ठेवला तर अस्तराची हाकाटी थांबायला मदत होते. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली गेली की माइट तग धरत नाही, पण खाडीकाठच्या आपल्या शहरांत पावसाळ्यात ती अनेकदा ८० च्या वर असते आणि गच्चीवर गादीला ऊन दाखवण्याचीही सोय नसते. मग गादी-उशीला माइटरोधक घट्ट विणीचं आवरण घालायचं, चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवायचे, आणि ओल धरलेल्या भिंतीला लागून पलंग ठेवायचा नाही. स्टेरॉइडचा पंप इम्युनोथेरपीच्या काळातही चालूच ठेवायचा. तो कमी करायचा तर डॉक्टरांच्या सांगण्याने, टप्प्याटप्प्याने, आणि शक्यतो पावसाळा संपल्यावर.