पीएचपीमधील तारीख-वेळांची तुलना

दोन तारखांपैकी आधीची कोणती आणि नंतरची कोणती, हे पीएचपी या वेब प्रोग्रॅमिंग भाषेत ठरवण्याची रीत. तारखा नुसता मजकूर म्हणून, म्हणजे स्ट्रिंग म्हणून ठेवल्या तर < हे चिन्ह त्यांची अक्षरे डावीकडून ताडून पाहते. त्यामुळे ‘09-10-2024’ ही 9 ऑक्टोबरची तारीख ‘10-09-2024’ या 10 सप्टेंबरच्या आधीची ठरते. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि एक आकडी अंकापुढे शून्य देऊन लिहिलेल्या तारखा मात्र स्ट्रिंग म्हणूनही बरोबर लागतात.

‘स्ट्रटोटाइम’ हे जुने फंक्शन लिहिलेली तारीख वाचून 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांचा आकडा देते. आपल्याकडच्या लोकांची फसगत होते ती इथे. तिरकी रेघ दिसली की हे फंक्शन अमेरिकी रिवाजाने महिना आधी धरते. आडवी रेघ असेल तर दिवस आधी. म्हणून 05/04/2024 म्हणजे 4 मे आणि 05-04-2024 म्हणजे 5 एप्रिल. 15/08/2024 तर वाचताच येत नाही, कारण पंधरावा महिना नसतो. अशा वेळी उत्तर ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही’, येते. ती अर्जाची शेवटची तारीख असेल आणि ते उत्तर न तपासता आत्ताच्या वेळेशी ताडले तर पीएचपी मुकाट्याने ते लहान ठरवते आणि अर्जाची मुदत संपल्याचे सांगून मोकळी होते. चूक दाखवणारी एक ओळही उमटत नाही, हे अधिक वाईट.

5.2 या आवृत्तीत ‘डेटटाइम’ आणि 5.5 मध्ये ‘डेटटाइमइम्युटेबल’ हे वर्ग, म्हणजे तारीख-वेळ ठेवण्याचे तयार साचे, आले. त्यांचे ऑब्जेक्ट, म्हणजे त्या साच्यातून घडवलेल्या तारखा, <, > आणि == यांनी थेट ताडता येतात आणि तुलना प्रत्यक्ष क्षणांची होते: कोलकाता टाइमझोनमधले पहाटेचे 5.30 आणि त्याच दिवशीचे यूटीसीतले, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतले, 0.00 समान ठरतात. === मात्र ऑब्जेक्ट तोच आहे का एवढेच पाहते. ‘डेटटाइम’वर तारीख पुढेमागे करणारे ‘मॉडिफाय’ चालवले की मूळ तारीखच बदलते, म्हणून नव्या कामात मूळ तारीख न बदलणारा ‘डेटटाइमइम्युटेबल’ घेणे शहाणपणाचे. तारखेची मांडणी ठाऊक असेल तर ती मांडणी सांगून तारीख वाचणारे ‘क्रिएटफ्रॉमफॉरमॅट’ वापरावे. पण मांडणीत वेळ नसेल आणि सुरुवातीला उद्गारचिन्ह दिले नसेल तर ते घड्याळातली चालू वेळ चिकटवते, आणि एकाच दिवसाच्या दोन तारखा असमान निघतात.

मुदतीच्या तारखेबाबत आणखी एक खाच आहे. नुसते ‘2025-03-31’ म्हणजे त्या दिवसाची सुरुवात, 0 वाजून 0 मिनिटे. 31 मार्च हा शेवटचा दिवस असेल तर ‘1 एप्रिलच्या आधी’ अशी अट घालावी लागते. सर्व्हर यूटीसीवर असेल तर तो 1 एप्रिल भारतात पहाटे 5.30 ला उजाडतो, म्हणून टाइमझोनही सांगावा लागतो. उद्याची तारीख काढायला 86,400 सेकंद, म्हणजे 24 तास, मिळवण्याची सवय भारतात खपून जाते. पण न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वेळेसाठी घड्याळे एक तास पुढे केल्याने 10 मार्च 2024 हा दिवस 23 तासांचाच होता.