अळवावरचं पाणी आणि मागीलदारची बदकं

बदकं आणायच्या आधी मी तळं बांधून घेतलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट खोल. म्हणजे जवळजवळ ३,४०० लिटर पाणी. गवंड्याने विचारलं होतं, "दादा, खाली भोक ठेवायचं का?" मी म्हटलं, तळ्याला कशाला हवं भोक? मग खाकी कॅम्पबेल जातीची सहा बदकं आली, पाण्यात उतरली, आणि आठवडाभर घरातलं कोणी मागच्या पायरीवरून उठलं नाही. दहाव्या दिवशी पाणी पोपटी झालं. पंधराव्या दिवशी मुगाच्या कढणासारखं दिसायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात वास स्वयंपाकघरापर्यंत आला. बादली बादलीने तळं उपसताना त्या गवंड्याची मला फार आठवण झाली.

त्यानंतर मी उलटीकडून विचार सुरू केला. बदकाला पाणी लागतं म्हणजे नेमकं कशासाठी लागतं?

लहानपणापासून ऐकलेलं असं की बदकाच्या अंगाला तेल असतं, म्हणून ते पाण्यात भिजत नाही. हे अर्धंच खरं आहे. शेपटीच्या मुळाशी त्याला एक ग्रंथी असते. आंघोळ झाली की बदक मान वळवून तिथे चोच आणि डोकं घासतं आणि तो मेणचट स्राव पिसांवर फिरवतं. पण पाणी थोपवण्याचं मुख्य काम पिसाची घडण करते. गळून पडलेलं एखादं पीस उजेडात धरून पाहा. मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी बारीक धागे फुटलेले असतात, त्या धाग्यांना आणखी बारीक उपधागे, आणि उपधाग्यांना डोळ्यांना न दिसणारे आकडे. ते एकमेकांत अडकून घट्ट जाळी बनते. बोटाने उलटं कुरवाळलं तर पीस फाटल्यासारखं दिसतं, सुलटं कुरवाळलं की पुन्हा जुळून येतं. बदक चोचीने दिवसभर हेच करत असतं.

या जाळीच्या फटींत हवा अडकलेली असते. पाण्याचा थेंब पिसावर पडतो तेव्हा तो धाग्यांच्या टोकांवर आणि मधल्या हवेवर टेकतो. आत झिरपायला त्याला वावच नसतो. लीड्स इथल्या लोकर संशोधन संस्थेतल्या कॅसी आणि बॅक्स्टर या दोघांनी १९४४ मध्ये याचं गणित मांडलं. त्यांना पाणी न धरणारं कापड हवं होतं आणि नमुना म्हणून त्यांच्यासमोर बदकाचं पीस होतं. आपल्याला मात्र इतक्या लांब जायची गरज नाही. अळवाच्या पानावरही हेच घडतं: सूक्ष्म उंचवटे, वर मेणाचा थर, मध्ये हवा. 'अळवावरचं पाणी' असं आपण क्षणभंगुर गोष्टीला म्हणतो, पण भौतिकशास्त्राच्या नजरेने ते 'बदकावरचं पाणी'च आहे. तेलाचं काम पिसं लवचिक आणि शाबूत ठेवण्याचं. पिसं कोरडी पडून मोडली, चिखलाने चिकटली, की जाळी उसवते, हवा निघून जाते आणि बदक भिजतं. भिजलेलं बदक कुडकुडतं, जड होतं, खोल पाण्यात बुडूही शकतं. साबणाच्या पाण्यानेही हेच होतं, कारण साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो आणि पाणी फटींत शिरतं. म्हणून भांडी घासल्याचं पाणी बदकांच्या पाण्यात कधीही जाऊ देऊ नये.

तेव्हा बदक पोहायची हौस भागवायला पाण्यात उतरतं इतकंच नव्हे, ते आपला रेनकोट दुरुस्त करायलाही येतं. आमच्यातली एक मादी रोज दुपारी तीनच्या सुमारास आंघोळीला येते. आधी डोकं गळ्यापर्यंत बुडवून झटक्यात वर काढते, पाणी पाठीवरून घरंगळू देते. असं पाच-सहा वेळा. मग पंख पाण्यावर आपटते, शेपटी हलवते, बाहेर येऊन अंग झाडते आणि अर्धा तास उन्हात बसून एकेक पीस चोचीतून ओढते. पोहणं त्यात फार तर दोन मिनिटं.

त्या डोकं बुडवण्यातच सगळं आलं. बदकाचे डोळे आणि नाकपुड्या धुतल्या जातात त्या यानेच. उथळ ताटलीतून पाणी पिणाऱ्या बदकांच्या नाकपुड्यांत खाद्याचा लगदा सुकून बसतो आणि डोळे चिकटतात. युरोपच्या परिषदेने १९९९ मध्ये पाळीव बदकांसाठी शिफारशी केल्या, त्यांतही हेच आहे: पोहायला पाणी देता येत नसेल तर निदान डोकं बुडेल आणि अंगावर उडवता येईल इतकं तरी द्या. ऑक्सफर्डमध्ये मॅरियन डॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बदकांना तळं, पन्हळ, फवारा असे वेगवेगळे प्रकार देऊन पाहिले आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापले. फवारा आणि पन्हळ तळ्याच्या तोडीस तोड ठरले. मागे पडली ती फक्त थेंब थेंब पाणी देणाऱ्या नळ्यांवर ठेवलेली बदकं.

हे वाचल्यावर मला माझ्या ३,४०० लिटरांचं हसू आलं.

आता ते पाणी हिरवं का झालं ते पाहू. पक्षी लघवी वेगळी करत नाहीत. शिटीतला पांढरा भाग म्हणजे त्यांचं यूरिक आम्ल. पाण्यातले जिवाणू त्याचं अमोनियात रूपांतर करतात. अमोनियाचं पुढे नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे वेगळे जिवाणू असतात. १८९०च्या सुमारास सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते शोधले. पण हे दुसरे जिवाणू सावकाश वाढतात आणि त्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो. सहा बदकं त्यांना तेवढी सवड देत नाहीत. शिवाय बदकाला खाद्य चोचीत घेऊन पाण्यात येण्याची आणि काठची माती उकरून पाण्यात कालवण्याची खोड. मी माशांच्या टाकीला लावतात तसला स्पंजाचा फिल्टर लावून पाहिला. दोन दिवसांत तो चिखलाचा गोळा झाला.

नायट्रोजन आणि फॉस्फरस आयतं मिळालं की शेवाळ फोफावतं. दिवसा ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, त्यामुळे दुपारी पाणी अल्कधर्मी होतं, आणि अल्कधर्मी, कोमट पाण्यात अमोनिया जास्त विषारी असतो. रात्री तेच शेवाळ श्वसनासाठी ऑक्सिजन वापरतं. तळाशी ऑक्सिजन संपला की गाळ कुजून कुजक्या अंड्याचा वास सुटतो. पाण्यावर रंग सांडल्यासारखी निळसर हिरवी साय दिसली तर मात्र बदकांना त्या दिवशीच बाहेर काढा. ते नीलहरित जिवाणू असू शकतात आणि त्यांच्या काही जाती विष तयार करतात.

खरी भीती तळच्या गाळाची. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या, उबदार, कुजक्या जागी विष बनवतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले ते याच विषाने. त्याचं चक्र भयंकर चतुर आहे. मेलेल्या पक्ष्यात विष तयार होतं, त्यावर अळ्या पडतात, अळ्यांना विष बाधत नाही, पण त्या अळ्या खाणारा पुढचा पक्षी मरतो. लक्षण एकदा पाहिलं की विसरत नाही: मान उचलताच येत नाही, ती जमिनीवर पडून राहते. म्हणून पाण्यात किंवा आसपास मेलेला बेडूक, उंदीर, पिल्लू काहीही दिसलं तर लगेच उचलायचं. गाळ साठू द्यायचा नाही.

माझं मत आता पक्कं आहे. घरामागे चार-सहा बदकं असतील तर तळं नको. पालथं करता येईल किंवा तळाशी बूच असेल असं छोटं पाणी हवं. आम्ही विहिरीजवळची जुनी दगडी डोण वापरात आणली. तिला मुळातच भोक आहे. आपल्या आजोबांना ते कळत होतं. डोणीत सव्वाशे लिटर पाणी मावतं, रोज संध्याकाळी बूच काढायचं आणि आतून खराट्याने घासायचं. कोवळ्या पायांना चढता यावं म्हणून आत-बाहेर जांभ्याच्या चिऱ्यांची पायरी. पिण्याचं पाणी वेगळं, खोल भांड्यात, खाद्याच्या शेजारीच, कारण बदकाला कोरडं खाद्य पाण्याशिवाय गिळवत नाही. डोण मात्र खाद्यापासून दूर.

घासणं महत्त्वाचं आहे ते डासांमुळेही. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. आठवड्यातून एकदा पाळायच्या कोरड्या दिवसाला नुसतं पाणी ओतून भागत नाही ते यासाठी. बदकं डासांच्या अळ्या आवडीने खातात हे खरं, पण त्यांच्या भरवशावर राहू नये.

आणि ते घाण पाणी? ते घाण नाहीच, ते खत आहे. पूर्वी न्हाणीचं पाणी जिथे जायचं तिथे अळू आणि केळ लावलेली असायची. तोच पाट आम्ही डोणीला जोडला: आधी अळू, मग केळी, उरलेलं नारळाच्या आळ्यात. फक्त कोथिंबीर, मुळा असं कच्चं खायच्या भाजीला ते घालू नका. बदकांच्या शिटीत साल्मोनेला असू शकतो. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते तेव्हाही हे सव्वाशे लिटर जड वाटत नाहीत, कारण बागेला तेवढं घालावंच लागतं.

रानबदकं उतरतात त्या तलावावर आपली बदकं सोडण्याचा मोह टाळलेला बरा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापुरात सापडला होता. बदकं अनेकदा स्वतः आजारी न दिसता तो विषाणू बाळगतात.

पिल्लांचं तंत्र वेगळं. आमच्याकडे बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. तिला वाटतं एकवीस दिवस, निघतात अठ्ठावीस. मग पिल्लं पाण्याकडे धावतात आणि ती बिचारी काठावरून ओरडत फेऱ्या मारते. पण पहिले काही आठवडे तिची काळजी रास्तच असते: आई बदकाशिवाय वाढलेली पिल्लं लवकर भिजतात आणि गारठून मरतात. त्यांना पसरट ताटात गोटे टाकून बोटभर पाणी द्यावं, तेही उन्हात, आणि नंतर कोरडं करून उबेला ठेवावं.

जून लागला की आमची डोण ओस पडते. पहिली सर येते आणि सहाही बदकं पडवीच्या पागोळ्यांखाली ओळीने उभी राहतात, चोच वर, डोळे मिटलेले.