चार शिट्ट्या, पण कुणाच्या गॅसवर?

पाककृतीत ‘चार शिट्ट्या करून घ्या’ असं वाचलं की विचारावंसं वाटतं, कुणाच्या गॅसवर? मोठ्या आचेवर चार शिट्ट्या भराभर होतात, बारीक आचेवर पहिलीचीच वाट पाहावी लागते. शिट्टी ना वेळ मोजते, ना तापमान.

‘पाणी १०० अंशांना उकळतं’ हे शाळेत पाठ केलेलं वाक्य अर्धवट आहे. पाण्यातून रेणू सतत निसटत असतात आणि त्या वाफेला स्वतःचा दाब असतो. २५ अंशांना तो हवेच्या दाबाच्या जेमतेम ३ टक्के भरतो, १०० अंशांना समुद्रसपाटीवरच्या हवेच्या बरोबरीला येतो. तोवर पाण्याच्या पोटात वाफेचा बुडबुडा धरला, तरी बाहेरचा दाब त्याला चिरडून टाकतो. बरोबरी झाली की बुडबुडा तगतो, वर येतो; उकळणं म्हणजे एवढंच. लेह ३५०० मीटरवर, हवा विरळ, म्हणून तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही.

कुकर नेमकं उलटं करतो. दनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनमध्ये असं भांडं दाखवलं. आपल्या कुकरच्या झाकणावरचं वजन, म्हणजे शिट्टी, हवेच्या साधारण दुप्पट दाबाला उचललं जातं आणि तेवढा दाब गाठायला वाफेला १२० अंश लागतात. वजन उचललं गेलं की तापमान तिथेच अडतं. पुढची आच फक्त वाफ बाहेर घालवते, आणि १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला २२०० ज्यूल जातात. तेवढ्यात ५ ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत आलं असतं. तेव्हा पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करा आणि घड्याळ बघा. (वजन लावण्याआधी वाफेचा झोत येऊ द्या. आत हवा कोंडलेली राहिली तर एकूण दाबातला काही वाटा तिचा असतो, म्हणजे वाफेचा दाब कमी आणि तापमानही कमी.)

कुकरमधल्या अन्नातला ‘प्राण’ जातो, असे संदेश फिरतात. १२० अंशांना मरतात ते जंतू; डाळीत प्राण शोधायचा तर ती शिजवूच नये.

खरी गंमत कुकर नळाखाली धरल्यावर. झाकणाखालची वाफ थिजते, दाब कोसळतो, आणि आतलं पाणी, बाहेरून गार करत असतानाच, पुन्हा खळखळ उकळू लागतं. घाईने झाकण ओढलं तर १२० अंशांच्या १ लिटर पाण्यातलं सुमारे ३७ ग्रॅम क्षणात वाफ होतं. त्या वाफेला ६० लिटर जागा हवी असते. डाळ छताला लागते ती याच वाफेबरोबर.